पर्ल जॅमचा ‘टेन’ : आठ महिने पुन्हा ऐकताना

अमेरिकन रॉक बँड पर्ल जॅमचा हा अल्बम माझ्याकडे पहिल्यांदा आला तो दहा गाण्यांचा. दादाच्या एका मित्राने 90 मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिला होता. एका बाजूला 45 मिनिटं आणि अल्बम 53 मिनिटांचा. पहिली दहा गाणी कशीबशी मावली. अकरावं, ‘रिलीज’, सुरू होतंय न होतंय तोच टेप संपली. दुसऱ्या बाजूला भलतीच गाणी होती, म्हणजे उरलेला तुकडा तिथेही नव्हता. मला त्याचं काही वाटलं नाही. अल्बमचं नावच ‘टेन’, तेव्हा गाणी दहाच असणार. शेवटी जे वाजतं ते आधीचं काहीतरी पुसायचं राहिलं असेल. पंधराव्या वर्षी असले हिशोब फार पक्के असतात.

‘टेन’ हा खरं तर मूकी ब्लेलॉक नावाच्या बास्केटबॉलपटूच्या जर्सीवरचा आकडा. सुरुवातीला बँडचं नावसुद्धा मूकी ब्लेलॉकच होतं. ऑक्टोबर 1990 मधला पहिला कार्यक्रम त्यांनी त्याच नावाने केला. मग पर्ल जॅम झालं आणि जुन्या नावाची आठवण म्हणून आकडा तेवढा अल्बमवर राहिला. हे मला फार उशिरा कळलं. ‘रिलीज’ पूर्ण ऐकायला तर त्याहून उशीर झाला.

गेल्या आठ महिन्यांत हा अल्बम पुन्हा रोजच्या वापरात आला, त्याला निमित्त अगदी साधं होतं. नवे हेडफोन घेतले होते आणि त्यांची परीक्षा घ्यायला ओळखीचं, पाठ असलेलं काहीतरी हवं होतं. ‘टेन’ लावला आणि वाटलं, हेडफोन फसले. सगळं लांबून येत होतं. ड्रम शेजारच्या खोलीत, गिटारी धुक्यात, आवाज कुठल्यातरी उंच छताला आपटून परत आल्यासारखा. दुसरं काहीबाही लावून बघितलं तर ते स्वच्छ वाजत होतं. मग पुन्हा ‘टेन’, आणि पुन्हा तेच. दोष हेडफोनमध्ये नव्हता. अल्बम असाच आहे. माझ्या एकस्पीकरी कॅसेट प्लेअरने इतकी वर्षं तो झाकला होता, एवढंच.

हा घुमारा आला कुठून, ते थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. गाणी मार्च-एप्रिल 1991 मध्ये सिअ‍ॅटलच्या लंडन ब्रिज स्टुडिओत रेकॉर्ड झाली, निर्माता रिक पॅराशर. मिक्सिंग मात्र इंग्लंडमध्ये, रिज फार्म नावाच्या आडगावच्या स्टुडिओत, टिम पामरने केलं. त्याने आवाजाला, ड्रमना, गिटारींना सढळ हाताने रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, लावला. आडगाव मुद्दाम म्हटलं. ‘ओशन्स’ या गाण्यात तालवाद्यांसाठी त्याने मिरपुडीची डबी आणि आग विझवायचं नळकांडं वाजवलंय, कारण वाद्यं भाड्याने देणारं दुकान जवळपास नव्हतं. हे वाचल्यापासून मला ते गाणं सरळ ऐकताच येत नाही. सगळं लक्ष मिरपुडीकडे.

बँडलाही पुढे हा घुमारा खटकू लागला. दुसऱ्या अल्बमला, 1993 च्या ‘व्हर्सेस’ला, निर्माता म्हणून ब्रेंडन ओब्रायन आला आणि आवाज एकदम कोरडा, अंगावर येणारा झाला. त्याच ओब्रायनने मग ‘टेन’चं अख्खं मिक्सिंग नव्याने केलं आणि मार्च 2009 मध्ये जुना आणि नवा असे दोन्ही ‘टेन’ एकत्र निघाले. नव्याला ‘रिडक्स’ म्हणतात. म्हणजे आज हा अल्बम ऐकायचा तर आधी ठरवावं लागतं, कुठला. मी पहिले दोन महिने फक्त जुना ऐकला, पुढचे दोन महिने फक्त रिडक्स, आणि त्यानंतर मनाला येईल तो. रोज ऐकला असं म्हणणार नाही. आठवड्यातून चार-पाच वेळा, बहुतेक वेळा चालताना, आणि शफल न लावता.

आधी उपकरणांबद्दल, म्हणजे वाचणाऱ्याच्या काही कामी येईल. जुना ‘टेन’ खोलीत स्पीकरवर लावला की बिघडतो. त्याच्यात आधीच एक मोठी खोली आहे, त्यात आपल्या खोलीचा घुमारा मिसळतो आणि ‘पोर्च’सारखं वेगवान गाणं नुसता चिखल होतं. हेडफोनवर तो बरा, आणि रात्री, जरा हळू आवाजात, फारच छान. रिडक्सचं बरोबर उलटं. स्पीकरवर झकास, पण हेडफोनवर सलग तासभर ऐकला की गायक कपाळावर बसून गातोय असं होतं. फोनच्या स्पीकरवर दोन्हीपैकी काहीच लावू नये.

रिडक्सचा पहिला आठवडा मात्र हरखून जाण्यात गेला. कितीतरी गोष्टी मी पहिल्यांदाच ऐकत होते. ‘जेरेमी’ची सुरुवात, ती घंटांसारखी किणकिणणारी, मी जन्मभर गिटार समजत आले. तो बास आहे! बँडमधल्या जेफ अमेंटचा बारा तारांचा बास, म्हणजे खर्जातली गिटार. त्याच गाण्याच्या शेवटी, सगळे आरडाओरडा करत असताना मागे चेलो रडत असतो, तोही मला पहिल्यांदा सापडला. ‘व्हाय गो’मधला बास आता छातीत वाजतो. डेव्ह क्रुसेनचे ड्रम किती नेमके आहेत हेही आत्ता कळलं. बिचारा रेकॉर्डिंग संपताच दारू सोडवायच्या उपचारांसाठी बँडमधून बाहेर पडला, अल्बम दुकानात यायच्या आधी. 2017 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला तेव्हा त्यात त्याचंही नाव होतं. हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

आणि मग शब्द. भानगड इथे झाली.

माझ्या कॅसेटसोबत शब्दांचा कागद नव्हता. खोक्यावर दादाच्या मित्राने बॉलपेनने गाण्यांची नावं लिहिली होती, तेवढीच. गायक एडी वेडरचा आवाज खर्जातला, त्यात तो शब्द चावून, गिळून गातो. त्यावर तो घुमारा. मला चारातला एक शब्द कळायचा. मी वहीच्या मागच्या पानांवर ऐकू येईल तसं देवनागरीत लिहून काढायची आणि मोकळ्या जागा आपल्या मनाने भरायची. ‘इव्हन फ्लो’चा पहिलाच शब्द मी ‘फ्रीझर’ असा लिहिला होता. गाणं फ्रीझरचं कसं असेल, हा प्रश्न मला पडला नाही. फ्रीझर म्हणजे मन गोठणं वगैरे, असा अर्थही मी लावून ठेवला होता. तो शब्द ‘फ्रीझिंग’ आहे. थंडीने गारठून काँक्रीटची उशी करून पडलेल्या एका बेघर माणसाचं ते गाणं आहे. इतकं उड्या मारत वाजणारं गाणं, आणि आत हा माणूस. माझ्या आवृत्तीत तो नव्हताच. तिथे मी होते, परीक्षेच्या आदल्या रात्री, मन गोठवून बसलेली.

‘व्हाय गो’ हे घरच्यांनी मनोरुग्णालयात नेऊन टाकलेल्या मुलीचं गाणं. ती दोन वर्षं आत आहे, दगडी भिंतीवर अक्षरं खरवडते आहे. मला त्यातलं फक्त ‘घरी कशाला जायचं’ एवढंच कळलं होतं आणि ते पुरेसं वाटलं होतं. शिकवणीहून परत येताना मी ते गुणगुणायची, आता आठवून हसू येतं. अडचण अशी की ती मुलगी माहीत झाल्यापासून गाणं माझं राहिलं नाही. चांगलं झालं, मोठं झालं, पण गुणगुणण्यासारखं नाही उरलं.

चुकीचं ऐकण्यात मी एकटी नव्हते, हे ‘जेरेमी’च्या बाबतीत कळलं. 1991 च्या जानेवारीत टेक्सासमधल्या एका शाळकरी मुलाने वर्गात, सगळ्यांसमोर, स्वतःचा जीव घेतला. वर्तमानपत्रातली ती छोटीशी बातमी वाचून वेडरने गाणं लिहिलं. 1992 मध्ये मार्क पेलिंग्टनने त्याचा व्हिडिओ केला. त्यात शेवटी मुलाच्या हातातलं पिस्तूल दिसतं ते दृश्य वाहिनीसाठी कापावं लागलं. उरलं काय, तर मुलगा वर्गासमोर उभा आणि मग रक्ताचे शिंतोडे उडालेली, गोठून बसलेली मुलं. बघणाऱ्यांनी अर्थ काढला की याने वर्गाला मारलं. मीही तेच समजत होते, आणि खरं सांगायचं तर त्या वयात मला त्यात एक दुष्ट समाधानही मिळायचं. त्रास देणाऱ्यांना धडा मिळाला, असं. 1993 मध्ये त्या व्हिडिओला वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ म्हणून पुरस्कार मिळाला, आणि बँडने मात्र पुढची पाच-सहा वर्षं व्हिडिओ करणंच बंद केलं. न कापलेलं दृश्य अधिकृतपणे बाहेर आलं ते थेट 2020 मध्ये. आता मी हे गाणं ऐकते तेव्हा माझं लक्ष सुरुवातीला ओझरत्या उल्लेखात येणाऱ्या आईबापांकडे जातं. बाप बघत नाही, आईला फिकीर नाही, एवढंच म्हणून गाणं पुढे सरकतं. त्या दोन ओळी मला पूर्वी ऐकूच आल्या नव्हत्या. आठवड्यातून चार वेळा हे गाणं ऐकणं मला जमलं नाही. सहाव्या महिन्यानंतर मी ते वगळायला लागले.

‘अलाइव्ह’ची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आणि, माझ्या मते, या अल्बमवरची सगळ्यात चांगली. बँडचा गिटारवादक स्टोन गोसार्ड आणि अमेंट यांचा आधीचा बँड मदर लव्ह बोन. त्याचा गायक अँड्र्यू वुड मार्च 1990 मध्ये हेरॉइनने गेला, पहिला पूर्ण अल्बम निघायच्या तोंडावर. गोसार्डने मग काही चाली शब्दांशिवाय रेकॉर्ड केल्या. ती कॅसेट ड्रमर जॅक आयरन्सच्या हातून सॅन दिएगोला वेडरकडे गेली. वेडर तेव्हा पेट्रोल पंपावर रात्रपाळी करायचा. चाली ऐकून तो समुद्रावर सर्फिंगला गेला आणि परत आला तो शब्द घेऊनच. त्याने तीन गाणी एकाच गोष्टीत ओवली. मुलाला कळतं की आपण ज्याला बाप समजत होतो तो बाप नाही आणि खरा बाप मेलेला आहे. पुढे आईचं त्याच्याकडे बघणं विकृत होत जातं. हे ‘अलाइव्ह’. तो मुलगा मोठेपणी खुनी होतो, ते ‘वन्स’. आणि फाशीची वाट बघतो ते ‘फुटस्टेप्स’. बापाचा पहिला भाग वेडरच्या स्वतःच्या आयुष्यातला, पुढचा कल्पनेतला.

आता अल्बमवर बघा. ‘वन्स’ पहिलं गाणं, ‘अलाइव्ह’ तिसरं, ‘फुटस्टेप्स’ नाहीच, ते ‘जेरेमी’च्या सिंगलमागे, म्हणजे सुट्या निघालेल्या गाण्याच्या मागच्या बाजूला, जाऊन बसलं. म्हणजे गोष्टीचा मधला भाग आधी, सुरुवात नंतर आणि शेवट गायब. माझी कॅसेट अर्धवट म्हणून मी दादाच्या मित्राला मनातल्या मनात किती बोल लावले होते! मूळ अल्बमचीच ही तऱ्हा.

‘अजून जिवंत आहे’ ही त्या गाण्यातली ओळ लिहिताना वेडरला शापासारखी वाटत होती. तो बाप गेला आणि मी मात्र अजून आहे, असा तिचा सूर. पण कार्यक्रमांत हजारो लोक ती हात वर करून, आनंदाने ओरडायला लागले. वर्षानुवर्षं ओरडत राहिले. वेडरने नंतर सांगितलं की लोकांनी त्या ओळीचा अर्थच बदलला आणि आपल्यावरचा शाप उतरवला. मी ही हकीकत वाचली ती पाचव्या महिन्यात, एका पावसाळी संध्याकाळी, आणि लगेच गाणं लावलं, जुन्या मिक्समधलं. शेवटी बँडचा दुसरा गिटारवादक माइक मॅक्रेडी याची गिटार सुटते. तो स्वतः कबूल करतो की या सोलोचं मूळ त्याने किस बँडच्या एका सोलोवरून उचललं आणि तो किसवाल्यांनी डोअर्स या बँडकडून उचललेला. असेना. तो सोलो घुमाऱ्यातच ऐकावा. रिडक्समध्ये बोटं तारेवर कुठे पडतात ते कळतं. जुन्यात ती गिटार एखाद्या मोठ्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाकडून आपल्याकडे येत राहते आणि तिच्या अलीकडे माणसं उभी असल्यासारखी वाटतात. स्टुडिओत माणसं नव्हती. पुढे जी येणार होती त्यांच्यासाठी टिम पामरने जागा ठेवली होती, असं मला उगाच वाटतं.

माझं मत तिथेच ठरलं. रिडक्स माहितीसाठी उत्तम आहे. गाण्यात काय काय आहे ते तो दाखवतो आणि कुणाला फक्त एकदा ऐकायचं असेल तर मी तोच सुचवीन. राहायला मात्र जुना. शब्द नीट कळू नयेत इतकी त्यात जागा आहे, आणि मी माझे शब्द तिथेच ठेवले होते.

‘ब्लॅक’ला अपवाद करते. ते दोन्हींत सारखंच मारतं. सिंगल म्हणून काढा असा कंपनीचा आग्रह होता. बँड अडून बसला की हे खाजगी आहे, याचा बाजार नको. तरी रेडिओवाल्यांनी वाजवलंच. शेवटी शब्द संपतात आणि वेडर नुसत्या ‘डू डू’वर गात राहतो, तो माझ्या मते आलापच आहे, आणि त्यात चुकीचं ऐकण्यासारखं काही नसल्यामुळे पंधराव्या वर्षी मला तो जेवढा कळला होता तेवढाच आज कळतो.

नावडत्याबद्दलही बोलते, नाहीतर भक्तीगीत व्हायचं. ‘डीप’ तेव्हाही आवडलं नव्हतं, आजही नाही. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, आहे, जोर आहे, गाणं नाही. ‘गार्डन’ लांबतं. ‘वन्स’मधला राग मला आता जरा नाटकी वाटतो. शिवाय पुढच्या दहा वर्षांत या खर्जाच्या इतक्या नकला झाल्या की अस्सल ऐकतानाही मध्येच नक्कल आठवते. यात वेडरची चूक नाही, पण कानाला ते समजावणार कोण? ‘टेन’ आला 27 ऑगस्ट 1991 ला, निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ त्यानंतर चारच आठवड्यांनी. तेव्हा ‘ग्रंज’, म्हणजे सिअ‍ॅटलकडचा खरखरीत रॉक, म्हणून दोन्हींची एकच मोट बांधली गेली. आज शेजारी ठेवून ऐकले तर ‘टेन’ बराच जुन्या वळणाचा वाटतो. लांब सोलो, मोठाली कडवी, सत्तरच्या दशकातला रॉक. मला ते आवडतं, पण तरुण कानांना तो ‘ग्रंज’ म्हणून दिला तर त्यांची थोडी निराशा होईल.

आता ते अकरावं गाणं. ‘रिलीज’ हे वेडरने बाप म्हणून कधीच न ओळखलेल्या खऱ्या बापाला उद्देशून आहे. हळू, झोके घेत सुरू होतं. बराच वेळ नुसती गिटार फिरत राहते, मग आवाज जवळजवळ गुणगुणत आत येतो, आणि पाचेक मिनिटांत हाका मारण्यापर्यंत पोहोचतो. गाणं विरलं की थोडी शांतता, आणि मग एक विचित्र तुकडा लागतो. फ्रेटलेस, म्हणजे पट्ट्या नसलेला, बास, मागे पुटपुट. तोच तुकडा ‘वन्स’च्या आधी, अल्बमच्या अगदी सुरुवातीला असतो. ‘मास्टर/स्लेव्ह’ हे त्याचं नाव, कव्हरवर छापलेलं नाही. म्हणजे अल्बम जिथे संपतो तिथूनच सुरू होतो, गोल. माझ्या कॅसेटवर सुरुवातीचं टोक होतं आणि शेवटचं नव्हतं, त्यामुळे ती पुटपुट मला कॅसेट प्लेअर गरम होण्याचा आवाज वाटायची. शफलवर ऐकणाऱ्यांना आजही हे कळणार नाही. त्यांना फक्त नऊ मिनिटांच्या गाण्याच्या पोटात एक अनाकलनीय पोकळी मिळेल.

पुढे सीडीवर ‘रिलीज’ पूर्ण ऐकलं होतं, पण एकदा-दोनदा, घाईत. या आठ महिन्यांत ते शंभरेक वेळा तरी झालं असेल. आता मला पूर्ण पाठ आहे, हाका कुठे फुटतात, ड्रम कुठे उतरतात, सगळं. तरी गिटार फिरायला लागून मिनिटभर झालं की माझा कान आपोआप आखडतो. आत्ता खट् होणार. कालही चालता चालता हात खिशाकडे गेला, टेप उलटायला.